न्हाई आलं तरी

बेलापूरहून वडिलांची बदली पाथर्डीच्या पुढच्या एका गावी झाली तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. वडील ख्रिस्ती मंडळीचे पाळक. मी त्यांना पप्पा म्हणायची. मी एकुलती एक, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. बेलापूरला पाटाचं पाणी होतं, दारात पेरू होता, घरामागं ऊस. एसटीनं पूर्वेकडं निघालो आणि खिडकीबाहेरचं हिरवं हळूहळू संपलं. बहात्तरचा दुष्काळ तोवर आम्ही नुसता ऐकून होतो. रस्त्याच्या कडेला बायामाणसं ओळीनं बसून खडी फोडत होती आणि त्यांच्यात अंगावर जरा बरं लुगडं असलेल्या, कधी दुसऱ्याच्या कामाला न गेलेल्या शेतकऱ्यांच्या बायकाही होत्या. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इथं लोक देवळात कशाला येतील? पोटात काही नाही त्यांच्या."

आईचा अंदाज साफ चुकला. पहिल्याच रविवारी देऊळ भरून वाहिलं. आमची सगळी ख्रिस्ती वस्ती गावाच्या कडेला होती आणि चर्चला आमच्यात देऊळच म्हणत. दगडी भिंती, वर पत्रे. घंटेचा शेवटचा टोला पडायच्या आत सगळे आत येऊन बसलेले. पप्पांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा हेवा वाटला.

मग मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. बेलापूरला उपासना अर्धी झाली तरी बायका येत राहायच्या, पोरं भुईवर लोळायची, मागं कुणीतरी हमखास घोरायचं. इथं एकही पोर रडत नव्हतं. माझ्या पुढं बसलेल्या म्हातारीला खोकल्याची उबळ आली तशी तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. तिचे खांदे गदागदा हलत होते, पण आवाज बाहेर आला नाही. पप्पा उपदेश करत होते आणि कुणीच त्यांच्याकडं बघत नव्हतं. सगळे बघत होते दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडं.

तो मंडळीचा मुख्य पंच. साठीचा, ताठ, खाकी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. तरुणपणी पलटणीत होता आणि मोठ्या लढाईवर जाऊन आला होता. उपासना संपल्यावर तो दारात पिशवी घेऊन उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हातावर तेलाच्या डब्यातून कापलेला पत्र्याचा एक बिल्ला ठेवू लागला. दुष्काळासाठी परगावहून मंडळीकडं गहू आणि दुधाची पावडर येत असे. सोमवारी बिल्ला दाखवला तर गहू. बिल्ला नसला तर नाही. उशिरा आलं, मधेच उठलं, पोर रडलं, तरी बिल्ला नाही.

मी बाजूच्या दारानं बाहेर पडले. देवळाच्या ओट्यावर, उन्हात, गोणपाटावर एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल. आतली प्रार्थना संपली तरी तिचे डोळे मिटलेलेच होते. मी विचारलं, "तुम्ही आत का नाही आलात?"

तिनं दचकून डोळे उघडले आणि पदर तोंडावर ओढला. "माझ्याशी बोलू नगा ताई. पंच बघत्याल."

तेवढं बोलून ती गोणपाट गुंडाळून चालू लागली. मी तिथंच उभी राहिले. माझ्या आयुष्यात माझ्याशी बोलायला कुणी घाबरलं नव्हतं.

संध्याकाळी पंच सलाम करायला घरी आले. पप्पांनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. पप्पांनी बिल्ल्यांचं विचारलं, त्या बाईचं विचारलं. पंचांनी काहीही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

"साहेब, तुमी पाटाकडचे," ते म्हणाले. "तिकडं पानी हाय, शाळा हाय. मी लढाईवरनं आलो तवा हितं घरटी दारूची भट्टी हुती. एक जन तर दारूपायी पोटची पोरगी इकायला निघाल्ता. मी भ्या घातलं. नरकाचं घातलं, वाळीचं घातलं. आज एक भट्टी दाखवा मला. आन आता ह्यो दुस्काळ. गव्हाच्या आशेनं का हुईना, समदी देवाम्होरं बसत्यात. वाईट हाय का?"

"आणि ती बाहेर बसलेली बाई?"

"तिचं पोरगं तापलं. तिनं देवर्ष्याकडं नेऊन अंगारा लावला. देवानं त्ये पोर नेलं. तवापासनं ती भाईर."

"कोणत्या देवानं?" पप्पांनी विचारलं.

पंचांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा सलाम केला आणि ते गेले.

पप्पा भित्रे होते, हे सांगायला हवं. बेलापूरला शेजाऱ्याची म्हैस आमच्या परसात शिरली तरी आईलाच ओरडावं लागे. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आईला म्हणाले, "ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो ना, तसा मला इथं धाडलाय. लोक मोजायचे आणि उचल वाटायची." आई म्हणाली, "एवढ्यात काही करू नका. आधी माणसं ओळखा." पप्पा हो म्हणाले.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या दिवशी, त्यांनी काय केलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. त्यांनी भाकर मोडली, प्याला उचलला, पहिल्या रांगेतले पंच उठून पुढं झाले, आणि पप्पा त्यांच्या बाजूनं निघून गेले. सरळ मधल्या वाटेनं दारापर्यंत, दारातून ओट्यावर. उपासना चालू असताना पाळकानं देवळाबाहेर पाऊल टाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सगळे माना वळवून बघत राहिले. मी दाराजवळ बसले होते. द्राक्षारस पप्पांच्या मनगटावरून ओघळत होता.

ती बाई गोणपाटावर मागं सरकली, भिंतीला टेकली. "मला न्हाई चालत," ती म्हणाली. "साहेब, मला न्हाई चालत. माझं पोरगं मेलंय माझ्यापायी."

पप्पा तिच्यासमोर भुईवर बसले. पांढऱ्या झग्यासकट. "बाई, मलाही चालत नाही," ते म्हणाले. "त्या पंचांनाही नाही. लायकीवर घ्यायचं असतं तर हे कुणालाच मिळालं नसतं. पोरगं तापानं गेलं. तुमच्यापायी नाही. घ्या."

तिनं हात पुढं केले. ते खडी फोडून सोलवटलेले होते. तिनं भाकर घेतली, पण तोंडात घालायला तिला किती वेळ लागला! आत एवढी माणसं, पण पत्र्यावर चिमणी चालली तरी ऐकू येत होतं.

"ह्ये काय चाललंय?" पंचांचा आवाज आला.

पप्पा उठून उंबऱ्यावर उभे राहिले. मला वाटलं आता ते माफी मागतील. ते म्हणाले, "आजपासून बिल्ले बंद. सोमवारी शाळेच्या आवारात, लिंबाखाली, गहू मिळेल. आपल्या वस्तीला मिळेल आणि गावातल्या ज्याला भूक आहे त्यालाही मिळेल. रविवारी इथं यायचं तर देवासाठी या. नाही आलात तरी दाणे मिळतील."

मग ती खोकला दाबणारी म्हातारी उठली. तिनं पप्पांना विचारलं, अगदी मनापासून, "न्हाई आलं तरी?"

"तरी."

"आन नरकात न्हाई टाकायचे?"

"गैरहजेरीसाठी नाही, आजी."

म्हातारी विचार करत राहिली. "मंग यायचं कशाला?"

पप्पा म्हणाले, "ते तुम्हीच ठरवा."

पुढच्या रविवारी त्यांनी घंटा वाजवली. मी आणि आई ठरलेल्या जागी जाऊन बसलो. वाजवून झाल्यावर पप्पा आत आले, टेबलामागं उभे राहिले आणि दाराकडं बघत थांबले. पुन्हा बाहेर जाऊन त्यांनी घंटा वाजवली. वस्तीत कोंबडी ओरडत होती, कुणाची तरी पोरं हसत होती. देवळात कुणी म्हणजे कुणी आलं नाही. ज्यांच्या गर्दीनं पहिल्या दिवशी पप्पांचा चेहरा उजळला होता त्यांतलं एक माणूस नाही. पंच तर येणार नव्हतेच. पण ती ओट्यावरची बाईसुद्धा आली नाही.

मला वाटलं पप्पा आता देऊळ बंद करतील. त्यांनी गीत सांगितलं. आम्ही तिघांनी म्हटलं. आईचा सूर नेहमीच जरा वर जायचा आणि त्या रिकाम्या देवळात तो भिंतींवर आपटून परत येत होता. त्यांनी पूर्ण उपदेश केला. आईला आणि मला. मला इतकी लाज वाटली की मी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले.

घरी आल्यावर आईचा बांध फुटला. "लोक देवासाठी येत नव्हते हे मला कळत नव्हतं का? पण येत तर होते! कानावर चार शब्द पडत होते. तुम्ही एका दिवसात मोडलंत सगळं. आणि जिच्यासाठी केलंत ती बाहेर बसणारीसुद्धा नाही आली."

आईची बाजू खोटी नव्हती.

दुपारी टँकर आला तेव्हा हंडा घेऊन मी गेले. ती बाई रांगेत होती. मला राग होता, तो मी लपवला नाही. "आज का नाही आलात?"

या वेळी तिनं पदर ओढला नाही. "झोपले हुते ताई," ती म्हणाली. "दिस वर आला तरी झोपले. पोरगं गेल्यापासनं झोपच न्हवती. डोळा लागला की वाटायचं देव उशाशी उभा हाय, हातात चामड्याची वादी घिऊन. आज कुनीच न्हवतं." आणि ती हसली. मला त्या हसण्याचं काय करावं ते कळेना. मी माझ्या बापाचा अपमान झाला म्हणून भांडायला गेले होते आणि ती मला सांगत होती की ती झोपली.

मी घरी येऊन पप्पांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, झोपली!" ते आईला म्हणाले. "झोपली ती!" आई त्यांच्याकडं बघत राहिली. पप्पांचं डोकं फिरलं की काय, असं त्या क्षणी आम्हा दोघींनाही वाटलं.

पण पुढं सगळं असं हसण्यासारखं नव्हतं. महिन्याभरात वस्तीच्या टोकाला दोन घरांत भट्ट्या लागल्या. पाण्याला लोक तरसत होते आणि दारूला पाणी मिळत होतं. एका दुपारी एक बाई कपाळ फुटलेलं घेऊन आमच्या दारात आली. आई तिच्या जखमेला हळद लावत होती तेवढ्यात ती पप्पांना म्हणाली, "साहेब, बिल्ले परत चालू करा. माझा मालक देवाला भ्यायचा न्हाई, पर बिल्ल्याला भ्यायचा. बिल्ला हुता तवर माझं डोकं जाग्यावर हुतं."

पप्पांचा चेहरा पांढरा पडला. आईनं त्यांच्याकडं पाहिलं. पंच तर उघड म्हणायला लागले होते, "बगा, ह्ये तुमच्या कृपेचं पीक."

पप्पांनी बिल्ले चालू केले नाहीत. ते रोज दिवेलागणीला त्या माणसाच्या दारात जाऊन बसायला लागले. तो शिव्या द्यायचा. एकदा त्यानं चप्पल फेकली. पप्पा, म्हशीला घाबरणारे पप्पा, बसून राहायचे, तो थकून आडवा होईपर्यंत. तो माणूस सुधारला असं मी सांगणार नाही. पप्पा दारात असले की तो हात उचलत नसे, एवढंच. मला तेव्हा वाटायचं, एका बिल्ल्यानं जे व्हायचं त्यासाठी हा माणूस स्वतःला का जाळून घेतोय?

त्याच दिवसांत मी त्यांना विचारलं. भाकरी खाताना, उगाच, थोडं टोचायला. "मग मी नाही आले देवळात तर?"

आईनं "काय बोलतेस" म्हटलं. पप्पांचा घास हातात राहिला. त्यांना ते आवडलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मग ते म्हणाले, "तुलाही तेच."

रविवारी मी घरी बसले. घंटा वाजली, आई डोक्यावर पदर घेऊन एकटीच गेली. मी पाळकाची मुलगी, जन्मापासून एक रविवार चुकला नव्हता, तापातसुद्धा नाही. चूल विझलेली, घर शांत, आणि भिंतीपलीकडून त्या दोघांचं गाणं ऐकू येत होतं. मी वाट बघत होते. कशाची ते ठाऊक नाही. पत्रा उडेल, विंचू चावेल, काहीतरी. पप्पा परत आले की त्यांचा चेहरा पडलेला असेल, ते बोलणार नाहीत, आणि ती माझी शिक्षा असेल, असा माझा हिशेब होता.

पप्पा आले. झगा खुंटीला अडकवला. "पोरी, भाकऱ्या टाकल्यास का? भूक लागलीय," म्हणाले. जेवताना बेलापूरच्या पेरूच्या गोष्टी काढल्या. मी दिवसभर त्यांचा चेहरा चोरून बघत होते. तो नेहमीसारखा होता. मला कुठंही काहीही कमी मिळालं नाही. आणि मी हादरले. आजवर मला वाटत होतं की मी चांगली आहे म्हणून मी त्यांची लाडकी आहे. ते खरं नव्हतं. मग माझा एवढा चांगुलपणा कशासाठी होता? माझ्या हातात त्यांना बांधून ठेवायला काहीच उरलं नव्हतं. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. तशी पंचांच्या नरकाचीही वाटली नव्हती.

आणखी काही रविवार मी गेले नाही. मग एका रविवारी गेले. का गेले ते विचारू नका, घरात बसवेना. ती खोकणारी म्हातारी मागं येऊन बसली होती आणि मोकळेपणानं खोकत होती. ओट्यावरची बाईही आत होती, खांबाला टेकून. पप्पांनी मला पाहिलं आणि पुढचं वाक्य बोलले. घरी आल्यावरही त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. त्याचा मला उलट रागच आला.

दुष्काळ मात्र हटत नव्हता. सोमवारी लिंबाखालची रांग लांबत चालली होती. वस्तीतले, गावातले शेतकरी, सगळे एकाच रांगेत. आधी त्यावरून कुरबुर झाली, मग भुकेनं ती मिटवली. मी मापानं गहू घालायची. पंच देवळात येत नसत, पण सोमवारी न चुकता हजर असत, हाताची घडी घालून, कुणी दोनदा घेत नाही ना हे बघत. ते काम आपलं आहे असं त्यांनी सोडलंच नव्हतं.

अशाच एका सोमवारी रांगेत एक तरुण जोडपं आलं. तो हडकलेला, तिच्या कडेवर तान्हं. श्रीरामपूरकडं साखर कारखान्यात कामाला होता, ऊसच नाही म्हणून काम सुटलं होतं. मी माप भरलं. त्यानं पिशवी पुढं धरली आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. पिशवी त्याच्या हातातून सुटली. गहू मातीत सांडले. मी वळून पाहिलं तर पंच उभे होते आणि त्यांचे घडी घातलेले हात सुटून खाली लोंबत होते. ते वळले आणि निघून गेले. तो तरुण खाली बसून एकेक दाणा वेचायला लागला. मागच्या बाईनं मला हळूच सांगितलं, "त्यो पंचाचा ल्योक. शेतकऱ्याच्या, हिंदूच्या पोरीशी लगीन केलं म्हून बापानं मेला म्हनून सांगितला. तिच्या माहेरच्यांनी तिला बी टाकली."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पंच आमच्या घरी आले. या वेळी ते बसले. खाकी शर्टाची वरची गुंडी उघडी होती.

"साहेब, मला शिक्षा सांगा."

"कसली?"

"काल पोरगं वळीत उभं हुतं. मला त्येच्याकडं जावंसं वाटलं. लई वाटलं. ह्ये पाप हाय ना?"

पप्पांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं त्या फुटलेल्या कपाळाकडं पाहिलं होतं. "नाही," ते म्हणाले. "पाप नाही."

"न्हाई कसं? मी देवाला शबुद दिल्ता. म्हनलं, माझा एकला पोरगा तुला दिला. त्येला टाकला तर समदी वस्ती धाकात ऱ्हाईल, दारू शिवनार न्हाई, तुला सोडनार न्हाई. त्येची आई दारात बसून वाट बगत मेली, तरी मी शबुद मोडला न्हाई."

"पंच, देवानं तुमचा मुलगा मागितला होता का?"

पंचांनी मान खाली घातली.

"त्यानं स्वतःचा दिला, येशू. आपल्यासाठी. तुमचा मागितला नाही."

ते शब्द पप्पांनी हळू आवाजात, सांत्वनासाठी म्हटले होते. पण मी पंचांना बघत होते. ते त्यांना आधी समजले नाहीत. मग समजले. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. लढाईत गोळी लागल्यावर माणूस असाच दिसत असेल.

"मंग मी त्येला कशापायी टाकला?"

आईनं दुधाच्या पावडरीचा चहा आणून ठेवला. पंच म्हणाले, "आता किती उपास करू? वट्यावर बसवा मला. ती बाई बसली तितकं बसवा."

"काही नाही," पप्पा म्हणाले. "काही द्यायचं नाही. जा त्याच्याकडं."

"काईच न्हाई?" पंच उठले. त्यांच्या हाताच्या झटक्यानं कपबशी खाली गेली आणि फुटली. "इतकं सोपं? माझी बायकू गेली, माझी वर्सं गेली, आन तुमी म्हनताय काईच न्हाई? फुकट? मग माझ्याकडनं येवढं कुनी घेतलं?" ते ओरडत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना थरथरायला लावणारा तो आवाज आता स्वतःच थरथरत होता. पप्पा उठून त्यांच्याजवळ गेले, पण त्यांनी हात झिडकारला आणि ते बाहेर पडले.

आई फुटलेले तुकडे गोळा करायला वाकली. तेवढ्यात ते दारात परत आले. पप्पांकडं न बघता मला म्हणाले, "पोरी, तू चल माझ्यासंगं. मला एकट्याला जाववत न्हाई."

मी चपला न घालताच निघाले. ऊन असं होतं की माती तव्यासारखी भाजत होती. गावाबाहेर एक पडका गोठा होता, जनावरं केव्हाच चारा छावणीत गेली होती. तिथं ते जोडपं उतरलं होतं. सून तान्ह्याला घेऊन बसली होती. मुलगा आम्हाला बघून धडपडत उठला आणि सामान आवरायला लागला. त्याला वाटलं हाकलायला आलेत. "बा, जातो आमी," तो म्हणाला. "चुकलं माझं, पर पोराला..."

पंच त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नगंस," ते म्हणाले. "तू काय बी बोलू नगंस." त्यांचा हात तसाच राहिला, मग तो गालावर गेला, मग डोक्यावर. मुलगा लाकडासारखा उभा होता. त्याला मार अपेक्षित होता, हे त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवरून कळत होतं. मग पंचांनी खाली वाकून त्यांचं गाठोडं उचललं, खांद्यावर टाकलं आणि घराच्या दिशेनं चालू लागले. थोडं गेल्यावर मागं वळून म्हणाले, "चला की. उनात किती येळ हुबं ऱ्हाता?"

वस्ती दारादारांत येऊन उभी राहिली होती.

देवळात पंच बऱ्याच दिवसांनी आले. भोजनाची भाकर त्यांच्यापुढं यायची तेव्हा ते मान हलवायचे. "फुकट घेववत न्हाई अजून," एकदा पप्पांना म्हणाले. पप्पांनी आग्रह केला नाही. देऊळ पुन्हा कधी पूर्वीसारखं भरलं नाही. वरचे एक मोठे पाळक नगरहून चौकशीला आले, त्यांनी रिकाम्या चटया पाहिल्या, पप्पांशी बराच वेळ बोलले आणि नाराज होऊन गेले. पाऊस झाल्यावर आमची पुन्हा बदली झाली.

त्याआधी पंचांच्या नातवाचा बाप्तिस्मा ठरला. मुलाची इच्छा होती. सकाळी देवळात थोडी माणसं जमली होती आणि पप्पांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, बाळाच्या आईचाही बाप्तिस्मा करायचा का? सून पोराला घेऊन उभी होती. तिच्या गळ्यात काळी पोत होती, कपाळावर कुंकू होतं. ती खाली बघून पण ठाम आवाजात म्हणाली, "माझा नगं. मला अजून न्हाई वाटत."

सगळ्यांच्या नजरा पंचांकडं गेल्या. मीही बघत होते. एका अंगाऱ्यासाठी त्यांनी एका आईला उन्हात बसवलं होतं, ती आई तिथंच, खांबाजवळ होती. मुलानं बायकोच्या पुढं एक पाऊल टाकलं.

"तिची मर्जी," पंच म्हणाले. मग सुनेकडं हात पसरले. "पोराला दे हिकडं. मी धरतो."